मक्याच्या शेतातला क्रांतिकारक : डॉ. पांडुरंग खानखोजे

वाचकहो, आपले मॉरिशस जसे बेट आहे, तसेच कॅनडातील मॉन्ट्रियल हे मोठे शहरही एका बेटावरच वसलेले आहे. भोवती समुद्राऐवजी सेंट लॉरेन्स नदीचे रुंद पात्र आहे, एवढाच काय तो फरक. मॉरिशसच्या मराठी घरांतली पुष्कळ मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी या शहरात आली आणि येथेच स्थायिक झाली. फ्रेंच भाषा आपल्याला परकी नाही, त्यामुळे आपली माणसे येथे लवकर रमतात. तरीही येथल्या फ्रेंचमधला एक शब्द त्यांना प्रथम बुचकळ्यात टाकतो. ऑगस्ट महिना लागला की बाजारात मक्याच्या कणसांचे ढीग पडतात, आणि येथील लोक मक्याला म्हणतात ब्ले द'इंद, म्हणजे हिंदुस्थानचा गहू! आपल्या घरी ज्याला आपण माई म्हणतो, ज्याच्या रव्याची पुदिन माई आवडीने खातो, तो मका हिंदुस्थानचा कसा झाला?

हे नाव म्हणजे एका जुन्या चुकीची आठवण आहे. कोलंबस अमेरिकेला पोचला आणि आपण हिंदुस्थानच्या परिसरात आलो असे समजून बसला. तेव्हापासून तिकडची माणसे इंडियन झाली आणि त्यांचे धान्य हिंदुस्थानचे झाले. १५३५ साली झाक कार्त्ये हा फ्रेंच दर्यावर्दी मॉन्ट्रियलच्या बेटावर आला, तेव्हा ओशेलागा नावाच्या गावाभोवती त्याला मक्याची शेते दिसली. त्या भागातले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा ही तिन्ही पिके एकाच शेतात घेत असत. परंतु मक्याचे माहेर मॉन्ट्रियलही नव्हे आणि हिंदुस्थान तर नव्हेच. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी तेओसिंते नावाच्या एका रानगवतातून निवड करीत करीत मका घडवला, आणि तेथून हातोहात तो उत्तरेकडे कॅनडापर्यंत पोचला.

मक्याच्या या माहेरी, म्हणजे मेक्सिकोत, गेल्या शतकात खरोखरच एक हिंदुस्थानी माणूस मक्याची नवी वाणे तयार करीत होता. हा माणूस विदर्भातल्या वर्ध्याचा, आपल्याच मराठी भाषेचा. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. आज त्यांची जीवनकहाणी वाचकांपुढे ठेवावी असा आमचा विचार आहे.

वर्ध्याचा मुलगा

खानखोजे यांचा जन्म १८८४ च्या नोव्हेंबर महिन्यात झाला. त्यांचे वडील वर्ध्यास लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम करीत. प्राथमिक शिक्षण वर्ध्यात आणि पुढचे नागपुरात, असा त्या काळच्या साध्या घरातल्या मुलाचा मार्ग त्यांनीही धरला. पण ते दिवस साधे नव्हते. १८९० नंतरच्या दशकात मध्य हिंदुस्थानात दुष्काळ पडले, माणसे अन्नावाचून मेली, आणि त्याच वेळी लोकमान्य टिळकांच्या लेखणीने तरुण मने पेटू लागली होती. देश पारतंत्र्यात आहे म्हणून शेतकरी उपाशी आहे, ही गोष्ट त्या पिढीला कोणी शिकवावी लागली नाही.

टिळकांच्या प्रभावाखाली आलेल्या या तरुणाने मनाशी ठरवले की इंग्रजांशी लढायचे तर युद्धकला शिकली पाहिजे, आणि ती हिंदुस्थानात शिकता येणार नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, वयाच्या विशीत, त्यांनी देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेस पोचले आणि कॅलिफोर्नियातल्या टामाल्पाइस येथील लष्करी शाळेत दाखल झाले. पण त्यांच्या मनात आणखीही एक विचार होता. राज्य मिळवल्यावर शेतकऱ्याच्या पोटाचे काय? म्हणून त्यांनी शेतीशास्त्राचाही अभ्यास चालवला. वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावी शेतीच्या शिक्षणासाठी नावाजलेले एक सरकारी कॉलेज होते. भोवती मैलोन्‌मैल गव्हाचा प्रदेश. त्या कॉलेजातून ते १९१३ साली पदवी घेऊन बाहेर पडले. पुलमन हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

गदरचे दिवस

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळी हजारो पंजाबी मजूर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबत होते. मजुरी कमी, अपमान जास्त, आणि पाठीशी उभे राहणारे स्वतःचे सरकार नाही, अशी त्यांची अवस्था. आपले पूर्वज कोकणातून गिरमिटावर मॉरिशसला आले आणि उसाच्या मळ्यांत राबले. त्यांच्या नातवंडांना ही अवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. या मजुरांत आणि विद्यार्थ्यांत १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ यांच्याबरोबर त्याच्या उभारणीत खानखोजे होते, आणि त्यांच्याकडे मुख्यतः लष्करी तयारीचे काम होते. दुसऱ्याच वर्षी, १९१४ साली, कोमागाटा मारू या जहाजातून कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदरात आलेल्या ३७६ हिंदी उतारूंपैकी जवळजवळ सर्वांना जमिनीवर पाय न ठेवू देता परत पाठवण्यात आले. आज ज्या कॅनडात आपली मुले सन्मानाने राहतात, त्या देशाचे दार तेव्हा आपल्या लोकांना बंद होते, हे आठवणीत असावे.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि गदरच्या लोकांना वाटले की हीच वेळ. शेकडो माणसे उठाव करण्यासाठी हिंदुस्थानात परतली. बेत फुटला. खानखोजे यांचे सहकारी विष्णू गणेश पिंगळे, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे तरुण, यांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह फाशी देण्यात आले. खानखोजे त्या वेळी दुसऱ्या वाटेने निघाले होते. तुर्कस्तान आणि इराणमार्गे हिंदुस्थानच्या सरहद्दीवर पोचण्याचा त्यांचा प्रयत्न होता. इराणच्या दक्षिण भागात ते इंग्रज फौजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. पण हिंदुस्थान मुक्त करण्याचा तो बेत तडीस गेला नाही. युद्ध संपले, इंग्रज जिंकले, आणि खानखोजे यांचे नाव इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत कायमचे बसले. १९२१ साली ते इतर हिंदी क्रांतिकारकांबरोबर मॉस्कोला गेले, नंतर काही काळ बर्लिनमध्ये राहिले. मायदेशी जाण्याची सोय नव्हती, आणि युरोपात करण्यासारखे काम उरले नव्हते.

येथे त्यांच्या आयुष्याचा पहिला भाग संपतो. वय चाळीस, खिसा रिकामा, घर नाही, देश नाही. असा माणूस हताश होऊन बसला असता तर कोणी दोष दिला नसता.

चापिंगो

१९२४ साली खानखोजे मेक्सिकोला पोचले. रामोन दे नेग्री नावाच्या मेक्सिकन पुढाऱ्याशी त्यांची कॅलिफोर्नियातल्या दिवसांपासून ओळख होती. ती या वेळी कामी आली. मेक्सिकोत १९१० साली क्रांती झाली होती. मोठमोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून घेऊन त्या गावांना वाटण्याचे काम चालू होते. राजधानीच्या पूर्वेस टेक्सकोको गावाजवळ चापिंगो नावाची एका जमीनदाराची हवेली होती. क्रांतीनंतर तेथेच सरकारने राष्ट्रीय शेतकी शाळा आणली, आणि तिच्या देवळाच्या भिंतींवर दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने जमीन आणि शेतकरी यांची भव्य चित्रे रंगवली. या शाळेत खानखोजे प्राध्यापक झाले.

त्यांना काय दिसले असेल याची कल्पना आपण सहज करू शकतो. जमीन मिळालेला शेतकरी होता, पण त्याच्यापाशी चांगले बियाणे नव्हते, पैसा नव्हता आणि सल्ला देणारे कोणी नव्हते. टेक्सकोकोचा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंच. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर एवढाच. तो लांबला तर पेरणी लांबते, आणि कणसात दाणा भरण्याच्या सुमारास रात्री गोठवणारी थंडी पडली तर वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची चिंता आणि या मेक्सिकन शेतकऱ्याची चिंता यांत फरक तो केवढा?

म्हणून खानखोजे यांनी मक्यावर आणि गव्हावर काम सुरू केले. थंडी सोसणारे, कमी पाण्यावर येणारे, गरिबाच्या हलक्या जमिनीतही दाणा देणारे वाण हवे, हा त्यांचा ध्यास. त्याचबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोठी आहे. १९२८ च्या सुमारास त्यांनी शेतकरी संघटनांच्या मदतीने खेड्यांत शेतीच्या मुक्त शाळा सुरू केल्या. चापिंगोला येऊन शिकणे ज्याला परवडत नाही, त्याच्या गावी शाळा जावी, आणि धडा शेताच्या बांधावर व्हावा, असा हा बेत होता. एका शाळेला त्यांनी क्रांतीचा शेतकरी नेता एमिलियानो झापाता याचे नाव दिले. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईंनी या शाळांच्या सभांची आणि खानखोजे यांच्या कणसांची छायाचित्रे काढली, ती आजही जगभर पाहिली जातात. रिवेराने शिक्षण खात्याच्या इमारतीत रंगवलेल्या एका भित्तिचित्रात मेजाभोवती जमलेल्या गोरगरिबांना भाकरी मोडून देणारा एक माणूस आहे; तो चेहरा खानखोजे यांचा आहे असे मानले जाते.

बियाण्याची परीक्षा

नवे वाण म्हणजे काय, हे मॉरिशसच्या वाचकांना उसावरून चटकन कळेल. आपल्या बेटावर एके काळी एम १३४/३२ हा ऊस घराघरांत माहीत होता. एम म्हणजे मॉरिशस, ३२ म्हणजे १९३२ सालची रोपे, आणि १३४ हा त्या रोपाचा क्रमांक. संकर करून काढलेल्या कितीतरी रोपांतून ते एक रोप वर्षानुवर्षांच्या चाचणीत टिकले, आणि १९५० च्या सुमारास बेटाच्या बहुतेक उसाच्या जमिनीवर तेच उभे राहिले. उसाचे एक बरे असते, कांडी लावली की पुढचा ऊस हुबेहूब तसाच येतो.

मक्याचे तसे नाही. मक्याच्या झाडाला डोक्यावर तुरा येतो, तो नर. आणि कमरेशी कणीस येते, ती मादी. तुऱ्यातला पराग वाऱ्यावर उडतो आणि कणसाच्या केसांवर पडतो. प्रत्येक केस एका दाण्याकडे जातो. वारा काही कोणाचे शेत ओळखत नाही. शेजाऱ्याच्या मक्याचा पराग आपल्या कणसात येतो आणि पुढच्या वर्षी वाण बदललेले दिसते. म्हणून संकर करणाऱ्याला केस बाहेर येण्याआधीच कणसावर पिशवी बांधावी लागते, निवडलेल्या तुऱ्यावर दुसरी पिशवी बांधून पराग गोळा करावा लागतो, आणि तो ठरलेल्या दिवशी हाताने केसांवर शिंपडावा लागतो. एवढे करून मिळते ते एक कणीस. त्याचे दाणे पुढच्या पावसाळ्यात पेरायचे, वाईट झाडे उपटायची, चांगली ठेवायची, पुन्हा पिशव्या बांधायच्या. असे वर्षामागून वर्ष. या कामात घाई चालत नाही, कारण वर्षाला एकच पावसाळा येतो.

खानखोजे यांनी मक्याचा त्याच्या रानटी पूर्वजाशी, म्हणजे तेओसिंतेशी, संकर केला. तेओसिंतेचे कणीस बोटाएवढे, दाणे मोजके आणि दगडासारखे कडक. मग अशा गवताचा उपयोग काय? तर ते काटक असते, एका झाडाला पुष्कळ फुटवे आणि पुष्कळ कणसे येतात. रानातला हा काटकपणा शेतातल्या मोठ्या दाण्यात आणता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. तेओसिंते हीच मक्याची आई आहे की नाही, यावर त्या काळी पंडितांत वाद होता. पुढे अनुवंशशास्त्राने तो वाद मिटवला आणि ती आईच ठरली. त्यांच्या दुसऱ्या एका मक्याला एका देठावर कणसांचा झुबका येई. त्याचे नाव त्यांनी ग्रानादा ठेवले आणि १९३६ साली त्यावर स्पॅनिश भाषेत पुस्तिका प्रसिद्ध केली. ग्रानादा म्हणजे डाळिंब. स्पॅनिशमध्ये हातबॉम्बलाही हाच शब्द आहे! एके काळी ज्या माणसाने शस्त्रांची जमवाजमव केली, त्याच्या हातात शेवटी असा ग्रानादा आला, हे पाहून मौज वाटते.

मात्र केंद्राच्या शेतात वाण चांगले आले म्हणजे काम झाले असे नाही. केंद्रात खत असते, पाणी असते, राखणीला माणूस असतो. खरी परीक्षा शेतकऱ्याच्या शेतात. नव्या वाणाच्या ओळीशेजारी गावातले जुने वाण पेरायचे, दोघांना सारखेच पाणी आणि सारखीच माती द्यायची, आणि कापणीच्या दिवशी शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत दोन्ही ढीग मोजायचे. त्यातही दाण्याचा भार पाहून भागत नाही. पीठ कसे होते, भाकरी कशी लागते, कडब्याला गुरे तोंड लावतात का, हे घरातली बाई आणि गोठ्यातली गाय ठरवते. खेड्यातली शाळा आणि बियाण्याचे काम खानखोजे यांनी बरोबरीने का चालवले, ते यावरून कळते. शिकलेला शेतकरी स्वतःच चाचणी घेऊ शकतो. न शिकलेल्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

बंद दार

मेक्सिकोत त्यांना मान मिळाला, मित्र मिळाले. १९३६ साली त्यांनी झां सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला, आणि त्यांना दोन मुली झाल्या. पण वर्ध्याचे घर मनातून जात नव्हते. इंग्रज सरकारने त्यांना हिंदुस्थानात पाऊल ठेवण्यास परवानगी दिली नाही. आईवडील गेले, सोबती फासावर गेले किंवा अंदमानात झिजले, आणि हा माणूस परक्या देशातल्या शेतकऱ्यांना बियाणे निवडायला शिकवीत राहिला. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. आता तरी दार उघडेल असे कोणासही वाटावे. पण इंग्रजांच्या वेळची बंदी कागदोपत्री तशीच राहिली होती, आणि ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी घर सोडले, त्याच स्वतंत्र देशात येण्याची परवानगी त्यांना प्रथम नाकारली गेली. अखेर ती अडचण दूर झाली. १९४९ साली ते मायदेशी येऊन गेले, आणि पुढे १९५० च्या दशकात कुटुंबासह नागपुरास स्थायिक झाले. चाळीस वर्षांहून अधिक काळ बाहेर काढलेल्या माणसाला आपलाच गाव नवा वाटला असेल. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

बियाण्याचा परतीचा प्रवास

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी एक मोठी घटना घडली. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. लर्मा रोहो आणि सोनोरा ही त्या बुटक्या गव्हाची नावे. पंजाब आणि उत्तर हिंदुस्थानात ते पेरले गेले, आणि ज्याला आपण हरितक्रांती म्हणतो ती सुरू झाली. हा गहू नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोत तयार केला होता. बोरलॉग मेक्सिकोत आले १९४४ साली, म्हणजे खानखोजे यांच्यानंतर वीस वर्षांनी. त्यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

काही मराठी लेखांत खानखोजे यांना हरितक्रांतीचे जनक म्हटलेले आम्ही वाचले आहे. आम्हांला ते म्हणणे योग्य वाटत नाही. बोरलॉग यांचा गहू हा बोरलॉग यांचा, आणि तो भारतात रुजवण्याचे श्रेय भारतीय शास्त्रज्ञांचे व शेतकऱ्यांचे. आपल्या माणसाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याचे श्रेय काढून घेण्याची जरुरी नाही. मात्र एक योगायोग सांगण्यासारखा आहे. त्या गव्हाचा बुटकेपणा आला जपानच्या नोरिन १० नावाच्या वाणातून. दुसऱ्या महायुद्धानंतर ते बियाणे जपानहून अमेरिकेत आले. ज्या पुलमनच्या कॉलेजात खानखोजे शिकले, तेथेच ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचा संकर केला. तेथून ते मेक्सिकोला गेले. आणि मेक्सिकोहून हिंदुस्थानला. जपान, पुलमन, मेक्सिको, हिंदुस्थान. नेमक्या याच वाटेने वर्ध्याचा एक मुलगा आधी जाऊन आला होता. बियाण्याला परत येण्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. माणसाला मात्र जन्म घालवावा लागला.

आज त्यांच्या वर्ध्याकडे पाहिले तर कापसाच्या बरोबरीने सोयाबीन दिसते. खानखोजे यांच्या हयातीत हे पीक विदर्भात नावापुरतेच होते. १९८० नंतर ते झपाट्याने पसरले. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे जेएस ३३५ हे वाण १९९० च्या दशकात आले आणि पुष्कळ वर्षे शेतकऱ्यांचे आवडते राहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही सोयाबीनची अनेक वाणे दिली आहेत. सोयाबीनचे फूल तांदळाच्या दाण्याहून फारसे मोठे नसते. संकर करणारा चिमट्याने त्यातले पुंकेसर काढतो आणि दुसऱ्या फुलाचा पराग लावतो. पण एकदा वाण स्थिर झाले की हे पीक स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे शेतकरी घरचे बियाणे पुढच्या वर्षी पेरू शकतो. गरिबासाठी ही लहान गोष्ट नाही.

तरीही एका देशाचे सोयाबीन दुसऱ्या देशात नेऊन पेरले की झाले, असे होत नाही. सोयाबीनला फुले केव्हा यावीत हे दिवसाच्या लांबीवर ठरते. मॉन्ट्रियलच्या आसपास उन्हाळ्याचा दिवस लांब आणि थंडी लवकर येणारी, म्हणून येथे झटपट पिकणारी वाणे लागतात. ओटावाच्या सरकारी संशोधकांनी १९७६ साली दिलेले मेपल अ‍ॅरो हे असेच एक वाण. तेच विदर्भात पेरले तर रोप वाढण्यापूर्वीच फुलावर येईल. आणि विदर्भाचे वाण येथे पेरले तर शेंग भरण्यापूर्वी बर्फ पडेल. म्हणून ज्याच्या मातीसाठी वाण हवे, त्याच्याच मातीत ते पारखले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी चापिंगोच्या शेतात जे खरे होते, तेच आजही खरे आहे.

मॉन्ट्रियलचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. जगातल्या वनस्पती, प्राणी आणि जुनी बियाणे यांचे रक्षण व्हावे म्हणून राष्ट्रांनी जो जैवविविधतेचा करार केला, त्याचे कार्यालय १९९६ सालापासून याच शहरात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये येथेच जगभरच्या सरकारांनी निसर्गरक्षणाचा नवा आराखडा मान्य केला. रानातले गवत आणि गरिबाच्या कणगीतले मूठभर बियाणे यांची किंमत आता मोठमोठ्या परिषदांत चर्चिली जाते. खानखोजे यांनी ती किंमत तेओसिंतेच्या बोटभर कणसात तेव्हाच ओळखली होती.

२०२२ सालीच चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला, आणि भारताच्या लोकसभेच्या अध्यक्षांनी त्याचे अनावरण केले. त्यांच्या कन्या सावित्री सहानी यांनी इंग्रजीत आणि कार्व्हरचे चरित्र लिहिणाऱ्या वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे जीवन लिहून ठेवले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी ते अवश्य वाचावे.

वाचकहो, आपण मॉरिशसचे की महाराष्ट्राचे, आणि आता कॅनडात गेलेली आपली मुले नेमकी कोठली, असा प्रश्न आपल्या घरांत पुष्कळदा निघतो. खानखोजे यांना हा प्रश्न फार कठोरपणे विचारला गेला. ज्या देशासाठी ते निघाले त्याने दार लावून घेतले, आणि ज्या देशाशी नाते नव्हते त्याने शेत दिले. त्यांनी मिळालेल्या शेतात मन लावून काम केले, तेथल्या उपाशी माणसाला आपला मानले, आणि तरीही अखेरीस घरी परतण्याची ओढ सोडली नाही. आपल्या पूर्वजांनीही परक्या मातीत दगड वेचून ऊस उभा केला, आणि घरात मराठी जपली. यात दोन वाटा आहेत असे आम्हांला वाटत नाही.

डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.